केरबा मास्तरच्या तीन कॅसेटी

केरबा सोनकांबळे कुठंही शिरला की आधी एक टाळी वाजवायचा. एकच. मग मान जरा तिरकी करून ऐकायचा, आणि ते झालं की मग तिथल्या माणसांकडे बघायचा. त्याचं म्हणणं, जागा आधी ऐकून घ्यावी, माणसं काय कुठं पळून चालली नाहीत. ही सवय कुठं आवरायची हे त्याला कधी समजलं नाही. माझे थोरले चुलते वारले तेव्हा तो भेटायला आला आणि माळवदाच्या त्या खोलीत पाऊल टाकताच त्यानं टाळी वाजवली. रडणाऱ्या बायका एकदम गप्प झाल्या. केरबा कावराबावरा झाला, हात जोडून त्यानं सगळ्यांची माफी मागितली आणि अर्धा तास खाली मान घालून बसून राहिला. निघताना मात्र मला बाजूला घेऊन कानात म्हणाला, "अप्पा, राग मानू नका, पण या खोलीत आवाज लई मरतो."

मी राग मानला नाही. केरबावर रागवायचं तर त्यासाठी रोज वेळ काढावा लागला असता, आणि मला दुकान होतं.

आमचं गाव अहमदपूरहून लोह्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर. गावात एसटी थांबते, पण मनाविरुद्ध थांबल्यासारखी. थांब्यासमोर माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान. त्या काळात नांदेडहून मी दोन कॅसेटींचं मशीन आणलं होतं, एका कॅसेटीवरून दुसरीवर गाणी उतरवणारं. त्या मशीनचा मला एवढा गर्व होता की आमच्या मायला मी त्यावर फडकंही मारू देत नसे. केरबाच्या तिन्ही कॅसेटी त्याच मशीनमधून निघाल्या, म्हणून मी स्वतःला त्याच्या बँडचा प्रकाशक समजत आलो. बँडमधले लोक मला तसं समजत होते की नाही, ते मी कधी विचारलं नाही.

बँड तिघांचा. केरबा पेटी वाजवायचा, गायचा, आणि गाणी रचायचाही तोच. चाँदभाई शिंपी बेंजो वाजवायचा. त्याची बोटं कपड्यावर चालत तशीच तारांवर चालत, म्हणजे भरभर आणि अंदाजानं. ढोलकीवर मारोती. मारोतीचं वर्णन करायचं तर तो बैलगाडीत बसला की बैल मागं वळून बघायचे, एवढं पुरे.

या बँडचा एकच नियम होता, सिनेमातलं गाणं वाजवायचं नाही. केरबा म्हणायचा, सिनेमातलं वाजवायला सिनेमावाले हायेत की, आपून आपलं वाजवावं. तत्त्व चांगलं होतं, पण लग्नाच्या वरातीत ते नवरदेवाच्या मामाला समजावून सांगणं अवघड. रेणापूरकडच्या एका वरातीत मामानं एका चालू गाण्याची फर्माइश केली आणि केरबानं ते का वाजवणार नाही हे सविस्तर सांगायला घेतलं. वरात पाऊण तास एका जागी उभी राहिली, घोडा खाली बसला, आणि शेवटी मांडवातून मुलीचा बाप धावत आला. त्यानंतर लग्नाची बोलावणी बंद झाली. केरबाला त्याचं काही वाटलं नाही. मारोतीला वाटलं, कारण मारोतीचा सगळा जीव लग्नातल्या जेवणात होता.

ढोलकीवर त्यांनी पेंटरकडून लिहून घेतलं होतं: 'नवतारा संगीत पार्टी, जि. उस्मानाबाद'. रंग वाळतो न वाळतो तोच लातूर जिल्हा वेगळा झाला आणि आम्ही सगळे बसल्या जागी लातूर जिल्ह्यात गेलो. पेंटरला परत बोलावलं. उस्मानाबाद खोडून त्या जागी लातूर लिहिलं, पण लातूर लहान, जागा उरली. ती कशानं भरायची यावर बँडमध्ये दोन दिवस वाद झाला आणि अखेर तिथं एक कमळ काढलं. नवा जिल्हा झाला त्याच सुमारास दुष्काळही मुक्कामाला आला. गावात लोक म्हणायचे, आपून लातुरात आलो, पाऊस उस्मानाबादेतच ऱ्हायला.

पहिली कॅसेट माझ्या दुकानाच्या मागच्या खोलीत केली. मी खिडकीला गोणपाट लावलं, दाराच्या फटीत कापूस घातला. एवढं करून बसलो आणि शेजारची पिठाची गिरणी सुरू झाली. इंजिन पक् पक् पक् करू लागलं आणि भिंत हलू लागली. मी गिरणीवाल्याच्या हातापाया पडायला निघालो तर केरबानं मला खाली बसवलं. त्यानं भिंतीला कान लावला, बोटानं मोजलं, आणि म्हणाला, ह्याच्याशी भांडून काय उपेग, ह्यालाच पार्टीत घेऊ. मग आठही गाणी गिरणीच्या ठेक्यात झाली. त्यात एक पाळणा होता. त्या वेगानं झोके दिल्यावर झोपणारं लेकरू मला अजून बघायचंय. सहाव्या गाण्यात मधेच गिरणीवाल्याचं दळण संपलं, इंजिन थांबलं, आणि तिघंही जागच्या जागी थांबले. कॅसेटीवर ते तसंच आहे. गाणं तुटतं, आणि पुढं मारोतीचा आवाज येतो, "झालं का?"

ही कॅसेट पंधरा-वीस लोकांनी घेतली. त्यात सात केरबाचे पाहुणे आणि एक गिरणीवाला.

केरबाची पोटापाण्याची नोकरी वेगळीच होती. नव्या जिल्ह्याची भेट म्हणून आमच्या गावाला पाणीपुरवठा योजना मिळाली होती. गावाबाहेर माळावर सहा खांबांची उंच टाकी उभी राहिली, गल्ल्या खणून पाइप पुरले गेले, पाच ठिकाणी सार्वजनिक नळ बसले. टाकीवर वॉलमन म्हणून केरबाला घेतलं. वॉलमनचं काम म्हणजे सकाळी सहाला व्हॉल्व्ह फिरवून गावाला पाणी सोडायचं, सातला बंद करायचं, आणि संध्याकाळी पाच ते सहा पुन्हा तेच. सगळं तयार होतं, फक्त पाणी नव्हतं. धरणावरून यायचं पाणी कुठल्या तरी कागदात अडकलं होतं. टाकी दोन वर्षं कोरडी उभी होती.

तरी केरबा रोज दोन वेळा व्हॉल्व्ह उघडायचा आणि बंद करायचा. ऊन असो, वारा असो, सहा म्हणजे सहा. गाव हसायचं. एकदा मी म्हणालो, केरबा, रिकाम्या टाकीचा व्हॉल्व्ह कशाला फिरवतोस? तो म्हणाला, "पाणी येणं माझ्या हातात न्हाई, अप्पा. वॉल माझ्या हातात हाय."

टाकी झाडून ठेवणं हेही त्याचं काम होतं. एक दिवस झाडायला म्हणून तो माथ्यावरच्या तोंडातून आत उतरला आणि सवयीप्रमाणे टाळी वाजवली. ती टाळी, तो मला सांगत होता, गोल फिरली, वर गेली, खाली आली, आणि तो सातपर्यंत मोजून होईस्तोवर संपली नाही. तो तसाच झाडू हातात घेऊन दुकानात पळत आला. गिऱ्हाईक बसलं होतं, त्याचं त्याला भान नव्हतं. "अप्पा, उठा. मशीन घ्या. मला जागा गावली."

दुसरी कॅसेट त्या टाकीत झाली. मी माथ्यावर बसायचो, सेलवर चालणारा टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन, आणि माइक दोरीनं आत सोडायचो. उंचीची मला भीती वाटते, म्हणून मी सगळा वेळ डोळे मिटून असायचो. बघणाऱ्यांना वाटायचं, अप्पा गाण्यात रंगलेत. पेटी विहिरीत पोहरा सोडतात तशी आत सोडली. मारोती जाताना कसाबसा आत गेला. पण रेकॉर्डिंग लांबलं, आत बसून त्यानं चार भाकरी खाल्ल्या आणि निघताना कमरेशी अडकला. वर मी ओढतोय, खालून चाँदभाई आणि केरबा ढकलतायत, आणि मारोती सगळ्यांना शांत राहायला सांगतोय. शेवटी गावातून करडईचं तेल आणवलं. त्यानंतर मारोती आत उतरलाच नाही, वर माझ्याजवळ बसून ढोलकी वाजवायचा. त्यामुळं कॅसेटीच्या दुसऱ्या बाजूला ढोलकी लांबून, दुसऱ्या गावाहून आल्यासारखी येते. लोकांना तीच बाजू जास्त आवडली.

टाकीनं केरबाचं गाणं बदलून टाकलं. पहिल्या कॅसेटीत तो गिरणीच्या मागं धावत होता. इथं धावलं की सगळं एकमेकांत मिसळून नुसता गलका व्हायचा. मग तो थांबायला शिकला. एक ओळ म्हणायची आणि टाकीचं म्हणून होईपर्यंत गप्प बसायचं. लांबलचक कडवी गेली, दोन-चार शब्द राहिले. त्याचं त्यातलं मुख्य गाणं एवढंच होतं: 'जिल्हा नवा, जिल्हा नवा, घागर माझी जुनी.' माणूस तेवढं म्हणून थांबायचा आणि टाकी तेच कितीतरी वेळ म्हणत राहायची. मला संगीतातलं काही कळत नाही, मी सोल्डरिंग करणारा माणूस. पण पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला, आणि तो उंचीमुळं नव्हता.

घोळ झाला तो व्हॉल्व्हमुळं. एके दिवशी संध्याकाळचे पाच वाजले, केरबा आतून बाहेर आला, नियमाप्रमाणे व्हॉल्व्ह उघडून पुन्हा आत गेला आणि गाऊ लागला. टाकीच्या तळाला गावाच्या पाइपांचं तोंड. पाइप कोरडे. गाणं सरळ पाइपात शिरलं आणि गावातल्या नळांतून बाहेर पडलं. आमच्या गल्लीतल्या नळातून आधी घुर्र असा आवाज आला, बायकांना वाटलं पाणी आलं. घागरी, हंडे, बादल्या घेऊन सगळ्या धावल्या, रांग लागली, ढकलाढकली झाली. आणि नळातून आलं, 'घागर माझी जुनी.'

रांगेत आमची माय पहिली होती. तिनं कमरेवर हात ठेवले, वाकून नळाच्या तोंडाला तोंड लावलं आणि बोलायला सुरुवात केली. "मुडद्यांनो, पाणी न्हाई ते न्हाई, वरून गाणी म्हणून राहिले का? टाकी फुटो तुमची." तिथून पुढं जे बोलली ते इथं लिहिता येत नाही. माझ्या दुर्दैवानं पाइपातून जसं गाणं खाली आलं तसं मायचं बोलणं वर गेलं आणि टाकीत सात-सात वेळा घुमलं. माथ्यावर टेप चालूच होता.

मी म्हणालो, हे पुसून टाकू. केरबा ऐकेना. म्हणाला, ओळ संपून मी थांबलो आणि नेमकी तेवढ्याच जागेत माय बोलली, असा ठेका माणसाला ठरवून येत न्हाई. परवानगी मागायला तो आमच्या घरी आला. मायनं त्याला चहा दिला, नेहमीच्या कपात. तो कप बाहेरच्या कोनाड्यात वेगळा ठेवलेला असायचा, आणि मी ते लहानपणापासून बघत होतो आणि काही बोलत नव्हतो. मायनं टेप दोनदा ऐकला. आता ही रागवणार म्हणून मी उंबऱ्यापाशी तयार उभा होतो. ती म्हणाली, शेवटची शिवी नीट ऐकू येत न्हाई, परत घ्यायची असंल तर मी रिकामीच हाय.

ती कॅसेट गाजली. टँकरचे ड्रायव्हर ती घेऊन जायचे, त्यामुळं जिथं टँकर गेला तिथं कॅसेट गेली, उदगीर काय, देगलूर काय. माझ्या दुकानात अनोळखी लोक येऊन 'मावशीच्या शिव्यांची कॅसेट' मागायचे आणि आतून माय विचारायची, कोण हाय? आवाज घुमवायचं एवढं महागडं मशीन खेड्यात कुठून आलं ते बघायला नांदेडहून एक स्टुडिओवाला येऊन गेला. केरबानं त्याला सांगितलं, मशीन पाण्याचं हाय, पाणी नसलं की चालतं. स्टुडिओवाला हसून निघून गेला, पण केरबा हसला नव्हता. ज्या दिवशी पाणी येईल त्या दिवशी हा आवाज संपणार हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आणि पाणी टाकीत घेणारा हात त्याचाच असणार होता.

ते पाणी आलं कसं, तेही ऐकण्यासारखं आहे. गावातल्या कुणीतरी लातूरला अर्ज केला की आमच्या नळातून पाणी येत नाही, गाणी येतात. पाणी येत नाही या तक्रारीची तिकडं जाड फाईल होती आणि तिला कुणी हात लावत नव्हतं. गाणी येतात ही तक्रार नवी होती, म्हणून पाणीपुरवठ्याचे साहेब जीप घेऊन आले. त्याआधी केरबाला एकदा ऑफिसात बोलावून झालं होतं. तिथल्या नव्या कोऱ्या हॉलमध्ये त्यानं शिरताच टाळी वाजवली आणि कोपऱ्यातला शिपाई पळत येऊन 'जी साहेब' म्हणाला. त्यामुळं साहेब आधीच जरा बिचकून होते.

साहेब तरुण होते, कडक राहायचा प्रयत्न करत होते. टाकीत उतरायची परवानगी कुणी दिली, असं त्यांनी विचारलं. केरबानं खिशातून कामाचा कागद काढला. त्यात टाकी स्वच्छ ठेवावी असं लिहिलं होतं. उतरल्याशिवाय झाडणार कसं, आणि माणूस झाडताना गातोच, असं तो म्हणाला. साहेबांनी त्याला व्हॉल्व्ह उघडून आत जाऊन गायला सांगितलं आणि स्वतः आमच्या गल्लीतल्या नळाला येऊन कान लावला. गाणं आलं. साहेबांचा चेहरा बदलला. माझ्याकडे बघून म्हणाले, अहो, म्हणजे ही लाइन कुठंही तुंबलेली नाही.

तेव्हा मला कळलं की पाणी अडलं होतं ते या एका गोष्टीवर. गावातल्या पाइपांची चाचणी झाल्याशिवाय धरणावरून पाणी सोडत नव्हते, आणि पाणी नसताना चाचणी कशी करायची हे कुणाला सुचत नव्हतं. साहेबांनी तिथल्या तिथं कागद काढला. केरबा टाकीत गात राहिला आणि साहेब, मी आणि आमच्यामागं अर्धं गाव एका नळावरून दुसऱ्या नळावर फिरलो. पेठेतल्या नळाला गाणं आलं. मशिदीजवळ आलं. शाळेजवळ आलं, तिथं पोरांनी टाळ्या वाजवल्या. पाचवा नळ भीमनगरात, केरबाच्या स्वतःच्या गल्लीत. तिथं साहेबांनी कान लावला, मी लावला, पुन्हा साहेबांनी लावला. काही नाही.

केरबाची बायको कौसल्या दारात उभी होती. ती म्हणाली, "आमच्या नळाला कधी वारं बी आलं न्हाई. आमाला वाटलं, गाणं घरी आल्यावर ऐकायचं असतं."

खणून बघितलं. वस्तीच्या अलीकडे पाइप संपला होता. पुढं फक्त चर खणून बुजवलेला, आणि त्याच्या टोकाला नळ उभा केलेला. ठेकेदारानं तेवढा तुकडा जोडलाच नव्हता. कागदावर पाचही नळ पुरे होते. पाणी आलं असतं तरी भीमनगरात एक थेंब गेला नसता, आणि हे कळलं ते केवळ गाणं गेलं नाही म्हणून.

केरबा घामानं निथळत टाकीतून बाहेर आला आणि त्यानं विचारलं, गेलं का सगळीकडं? मी सांगितलं. तो आधी हसला. मग पायरीवर बसला. गळ्यातल्या पंच्यानं तोंड पुसलं, पुन्हा पुसलं, आणि म्हणाला, "म्हंजी इतके दिवस मी घरच्यांला सोडून साऱ्या गावाला गाऊन राहिलो."

साहेब माणूस बरा निघाला. पाइप जोडला जाईपर्यंत त्यांनी कागदावर सही केली नाही, दोनदा जीपनं येऊन स्वतः बघून गेले. दुसऱ्या वेळी केरबानं परत टाकीत जाऊन गाणं म्हटलं आणि साहेबांनी भीमनगरातल्या नळाला कान लावून 'येतंय' असं मोठ्यानं सांगितलं. मग कागद हलले आणि धरणावरून पाणी सोडायचा दिवस पत्रानं ठरून आला.

तेव्हा तिसरी कॅसेट निम्मी झाली होती. माझ्याकडे मागणी एवढी की रिकाम्या कॅसेटींची दोन खोकी मी आधीच आणून ठेवलेली. पत्र आलं त्या दुपारी आम्ही चौघं दुकानात बसलो. मीच विषय काढला. म्हटलं, केरबा, आठ दिवस फक्त. आत पाणी घ्यायचा व्हॉल्व्ह जाम झालाय म्हणून कळवून टाक, दोन वर्षं वापरात नाही, कुणालाही खरं वाटेल. तेवढ्यात चार गाणी होतील. चाँदभाई म्हणाला, आठ दिन की तो बात है मास्तर. मारोतीनंही होकाराची मान हलवली. तो आवाज पुन्हा मिळणार नाही, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं.

केरबानं समोरच्या मशीनकडे बघितलं. मग म्हणाला, "अप्पा, आमचा बाप आडाच्या कडंला घागर घेऊन बसायचा. वरून कुणीतरी पाणी घालावं म्हणून तास न् तास. शिवायची परवानगी न्हवती. पाणी आडवून बसलेली माणसं लई बघितली आमी. आता वॉल माझ्या हातात आला, तर त्यातलाच एक मी व्हावं म्हनता?"

तो आड आमच्या गल्लीतला होता. मला लाज वाटली, आणि ते मी त्याला कधी बोलून दाखवलं नाही, म्हणून इथं लिहितो.

पाणी येण्याआधी दोन दिवस त्यानं एकट्यानं टाकी घासली. पाण्याच्या दिवशी सकाळी आम्हाला वर बोलावलं. आधी सगळ्यांचे पाय साबणानं धुवून घेतले, मारोतीची तंबाखूची पुडी काढून घेऊन खाली भिरकावली. स्वतः कोरा पांढरा बनियन घालून आला होता. पत्रात लिहिलेल्या वेळेला, एक मिनिटही इकडं तिकडं न करता, त्यानं आत पाणी घ्यायचा व्हॉल्व्ह उघडला. मग टाकीतल्या लोखंडी शिडीवर उतरून खालच्या पायरीशी उभा राहिला. मला म्हणाला, "चालू करा, अप्पा. गानं आजच घिऊ. पाणी बी येऊ द्या अन् गानं बी."

त्यानं पहिलं कडवं म्हटलं तेव्हा तळाला वीतभर पाणी होतं. टाकीनं पहिल्यासारखंच लांब उत्तर दिलं. मग टेप बंद करून आम्ही थांबलो. तासाभरानं पाणी पायाशी आलं, तो दोन पायऱ्या वर चढला आणि दुसरं कडवं म्हटलं. उत्तर जरा आखूड आलं. असं दिवसभर चाललं. पाणी चढायचं, केरबा चढायचा, कडवं व्हायचं. मधल्या वेळेत चाँदभाई बेंजो परत परत सुरात लावायचा आणि मारोती तंबाखूच्या आठवणीनं उसासे टाकायचा. खालून मायनं माणूस पाठवून विचारलं, आज मला का बोलावलं नाही. उन्हानं माझं डोकं तापलं होतं, पण मी डोळे उघडे ठेवून बसलो होतो, आणि भीती वाटत नव्हती.

शेवटच्या कडव्याला केरबा टाकीच्या तोंडाच्या काठावर, पाय आत सोडून खाली वाकून बसला होता आणि पाणी त्याच्या पायाखाली वीतभर होतं. त्यानं ओळ म्हटली आणि सवयीप्रमाणे थांबला. काही आलं नाही. टाकी भरली होती, तिला घुमायला जागा उरली नव्हती. तरी तो पूर्वीइतकाच थांबला, सातपर्यंत. मी त्याचे ओठ हलताना बघितले. मग म्हणाला, "भरली," आणि बाहेर येऊन झाकण लावलं. चाँदभाई तोंड फिरवून बसला होता.

ती कॅसेट खपली नाही. लोक परत आणून द्यायचे, मास्तरचा आवाज पुढं पुढं बसत जातो म्हणायचे. मी पैसे देऊन परत घ्यायचो. ती तिघांची सगळ्यात चांगली कॅसेट आहे, पण हे मी कुणाला पटवू शकलो नाही. केरबा पुढं बरीच वर्षं आमच्या गावात होता, चाँदभाईबरोबर अधूनमधून गायचा, रोज वेळेवर पाणी सोडायचा. तरी डोळ्यासमोर येतो तो त्या संध्याकाळचाच.

टाकीवरून उतरलो तेव्हा पाच वाजायला आले होते. माझ्या एका हातात पेटी, दुसऱ्यात टेपरेकॉर्डर. खाली गावात सगळे नळांपाशी जमलेले दिसत होते, घागरींवर घागरी आपटल्याचा आवाज इथवर येत होता. केरबानं दोन्ही हातांनी गावाच्या पाण्याचा व्हॉल्व्ह फिरवला, पूर्ण उघडेपर्यंत फिरवला. मग गुडघ्यावर बसून पाइपाला कान लावला. मी काहीतरी विचारलं, त्यानं हातानंच मला गप्प केलं. थोडा वेळ ऐकलं. एकदम उठला आणि भीमनगराकडे पळत सुटला. पन्नाशीला आलेला माणूस, बनियन ओला, पायात चपला नाहीत, ढेकळांतून सरळ रेषेत, पाइप जिथून पुरला होता बरोबर त्यावरून. "आरं थांब," मी ओरडलो. पण तो थांबला नाही, त्याला पाण्याच्या आधी घरी पोचायचं होतं.